तिसऱ्या दगडाचा अर्ज

३ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. आ. घरी सगळे ठीक. तू हल्ली पत्रंसुद्धा टाइप करतेस, म्हणून मुद्दाम हाताने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर तक्रार करायची नाही.

माझ्या राखणीतल्या अकरा उभ्या दगडांपैकी तिसरा कलतोय. बाबांनी ओळंबा लावून पाहिला, आठवड्यात दोन बोटं सरकलाय. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. म्हणतात, दोन टेकू दिले की झालं, एका सकाळचं काम. हात लावलात तर माझी नोकरी जाईल, असं बजावलंय. पण शाळांच्या सहली येतात, मुलं त्याच्याच सावलीत डबे खातात. टेकूच्या परवानगीचा अर्ज तुमच्या पुरातत्त्व कार्यालयात धाडलाय. जरा लक्ष घाल. आई रोज तुझं नाव काढते. माया आहेच, पत्रातूनही येऊ दे.
दादा

११ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि. अर्ज माझ्याच टेबलावर आला. अक्षर लागलं, पण ‘संरक्षित’ हा शब्द तू दोनदा चुकवलायस.

घरचा अर्ज वर काढला तर इथे लगेच कुजबुज होईल, म्हणून क्रमाने जाऊ दे. पंधरा दिवस लागतील. तोवर बाबांना आवर. संरक्षित दगडाला विनापरवाना पाचर ठोकणं हासुद्धा गुन्हा आहे, आणि त्या नोटिसा मीच टाइप करते. त्यांना सांग, तीन हजार वर्षं उभा राहिलेला दगड आणखी पंधरा दिवस कळ काढेल. आईला नमस्कार. रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी ठमी

२४ ऑगस्ट

ठमे,
बाबांना पोचवून आलो आणि तू कुणाशी न बोलता परतीची गाडी धरलीस. म्हणून काय झालं ते लिहितो.

त्या मंगळवारी अकराला सहल यायची होती. ती थोपवायला मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी ऐकलं, सहल रद्द केली. बाबांना वाटलं, मुलं येणारच. दोन वासे घेऊन ते एकटेच गेले. पहिला टेकू बसला. दुसऱ्याला पाचर मारताना दगड अंगावर आला. सहल रद्द झाल्याचं सांगायला मी येत होतो, फाटकातूनच दिसलं.

पंचनाम्यात ‘विनापरवाना हस्तक्षेप’ असं लिहिलंय. राखणदार म्हणून खाली सही माझी आहे. आई दोन घासांवर उठते.
दादा

२ सप्टेंबर

ती. दादास,
नमस्कार लिहायचाही धीर होत नाही. काल साहेबांना विचारलं. ते म्हणाले, धोका असेल तर तात्पुरत्या टेकूला त्यांची एक सही पुरते; अर्ज दाखवला असता तर त्याच दिवशी केली असती. मी विचारलंच नव्हतं. आणि ‘क्रमाने जाऊ दे’ असं मी तुला लिहिलं, तेही खोटं. लोक काय म्हणतील म्हणून आपला अर्ज मी ढिगाच्या तळाशी ठेवला होता. हे तुझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी आईच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून निघाले. लोभ मागायचा हक्क मला उरलेला नाही.
ठमी

९ सप्टेंबर

ठमे,
पत्र दोनदा वाचलं. आईला दाखवलं नाही, दाखवणारही नाही. सांगायचं तर तूच सांग. काल क्रेन आणून दगड उभा केला. मी रजा घेऊन घरी बसलो.

मला राग आहे, लपवत नाही. पण आई रोज विचारते, ठमी कधी येणार. मी रविवार सांगून बसलोय. दुपारच्या गाडीने ये. स्टँडवर घ्यायला येईन. बोलेन की नाही, ते मलाही माहीत नाही.
दादा