एकाच काळ्या रंगाचे दोन बूट

अण्णा,

काल गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बूट काळा करायला बसले आणि चांगलीच फजिती करून घेतली. येत्या शुक्रवारी एकलहऱ्याच्या ऑफिसातून मी रिटायर होतेय. स्टेजवर उभं राहायचं म्हणून उजव्या पायाचा उंच सोलचा बूट नवा करून घेतला, तर कारागिराने तो तपकिरी आणून दिला. वर म्हणतो, "मॅडम, काळं चामडं संपलं होतं. कोण बघतंय?" पोलिओने आखूड झालेला माझा पाय सगळ्या ऑफिसला पाठ आहे, तरी एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी घालून स्टेजवर चढायचं धाडस मला होईना. रंगाची बाटली आणली आणि एका दमात जाड हात मारून मोकळी झाले. वाळल्यावर बघते तर कुठे जांभळट, कुठे चट्टे, टाचेपाशी तर रंग धरलाच नाही.

तुम्ही असता तर चांगलं झापलं असतं. नाशिकरोडच्या आपल्या दुकानात दर जूनला, शाळा सुरू व्हायच्या आधी, हेच काम चालायचं. बाजारातून जोडी आणायची, तिच्यातला डावा ठेवायचा, उजवा तुम्ही उंच सोल लावून शिवायचा आणि मग दोघांचा काळा एक करायचा. आधी बाजारच्या बुटाची चकाकी स्पिरिटने पुसायची. मग हिरड्याचं पाणी. बाभळीच्या सालीत कमावलेल्या तुमच्या चामड्याला एक हात पुरायचा, बाजारच्याला तीन लागायचे. त्यावर मडक्यातलं लोखंडाचं पाणी. गुळाच्या पाण्यात गंजके खिळे महिनाभर मुरवलेले, त्या वासाने मी नाक धरून उभी. तुमची चिंधी ओल्या चामड्यावर गोल गोल फिरतेय, चामडं आधी राखाडी होतंय, मग बघता बघता काळं. "पातळ हात द्यायचा. वाळू द्यायचं. परत द्यायचा. घाई केली का चट्टे पडत्यात." धुऊन, सावलीत वाळवून, एरंडेल चोळून झालं की दोन्ही बूट दुकानाबाहेर उन्हात शेजारी शेजारी. "सावलीत काळं लय खोटं बोलतं. बघ, दोघांत फरक हाय का?" मला दिसायचा नाही. तुम्हाला दिसायचा, आणि पुन्हा हिरडा.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी परत आले की तुम्ही हातातलं काम थांबवून एकच प्रश्न करायचा, "कुणी इचारलं का?" मी म्हणायची, नाही. मग तुम्ही दिवसभर खुशीत.

नववीत त्याच दिवशी लेझीमच्या पथकासाठी मुली निवडल्या. बाईंनी मला रांगेतून हाताला धरून बाजूला केलं, तेही प्रेमाने. त्याचाच जास्त राग आला. दुकानात आले तर तुमचा तोच प्रश्न. मी दप्तर आपटलं आणि म्हणाले, "बूट एकसारखे करून काय उपयोग? पाय थोडेच होणारेत!" तुम्ही हातातलं काम ठेवून उठलात. नळाखाली बराच वेळ हात धूत राहिलात. तो काळा धुऊन जात नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पुढेही दर वर्षी जोडी तयार व्हायची, उन्हात ठेवली जायची, पण तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. आणि मीही कधी माफी मागितली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मला नोकरी लागून सहाच महिने झाले होते, पायात तुमचाच बूट होता.

काल संध्याकाळी हिरडा आणला, खिळे गुळाच्या पाण्यात घातले. शुक्रवारपर्यंत ते पाणी मुरणार नाही, म्हणजे चट्ट्यांचाच बूट घालून जावं लागणार. जाईन. हे पत्र बुटांच्या खोक्यात ठेवते, टाकायचं तरी कुठे?

एक राहिलं. नववीतल्या त्या पहिल्या दिवशी सकाळी, मी बाकावर बसलेली असताना, वर्गात आलेली एक नवी मुलगी माझ्या पायांकडे वाकून बघत म्हणाली होती, "किती छान काळेभोर आहेत गं! कुठल्या दुकानातून घेतलेस? मलाही अशीच जोडी पाहिजे." कुणी विचारलं होतं, अण्णा. मी तुम्हाला सांगितलं नाही.