संताचे शिंपले

मुकुरिपे, १४ जून

चि. सौ. लिंदाल्वास अनेक आशीर्वाद. वि. वि.

संत पेद्रूच्या कृपेने आम्ही बरे आहोत. आजारी आहेत ते मासे. तुझ्या भाच्याने, अदाउतोने, समुद्रातून आणलेले सोळा अँजेल मासे परदेशी पाठवण्याआधी मागच्या खोलीत वेगळे ठेवले होते. त्यांच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उठले. आमच्या सूनबाई झासिरा चार दिवस शिकून डॉक्टरीण झाल्या आहेत. तांब्याचं औषध थेंब मोजून घालतात, रोज काचेच्या नळीत पाणी घेऊन रंग बघतात आणि कपाळाला हात लावतात, की कालचं औषध आज कमी कसं भरतं. मी म्हटलं, हातालाच भोक असेल. टाकी तर तुरुंग बरा अशी: ना रेती, ना दगड, लपायला प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे. परवा ठिपके गेले. कोणाच्या कृपेने, ते मला ठाऊक. पण सूनबाईंना अजून तीन आठवडे औषध हवंच.

अदाउतो म्हणतो, हे मासे गेले तर खोली बंद. तो पुन्हा कॉम्प्रेसरची हवेची नळी तोंडात धरून शेवंडीसाठी बुडी मारणार. त्याच नळीने खोल जाऊन आपले बाबा कमरेखाली लुळे झाले. माझा जीव थाऱ्यावर नाही.

जीव लावतेस, तसं पत्रही धाड.
तुझी एउलिना

नाताल, २१ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग घाम फुटला. अकरा वर्षं मी इथे विद्यापीठात माशांच्या टाक्या घासते, त्यामुळे माझंही थोडं ऐक. ठिपके जातात ते मासा बरा होऊन नव्हे. किडा पोट भरून तळाला उतरतो, तिथे पिलावळ वाढवतो आणि आठवड्याभरात फौज घेऊन वर चढतो. पाहुणा उठला की चमचे मोजणारी तू, किडा कुठे गेला एवढं विचारावंसं वाटलं नाही?

आणि औषध कमी भरतं म्हणजे टाकीतलं काहीतरी ते पितं. तांबं रेतीत, पोवळ्यात, शिंपल्यांत मुरतं. म्हणून ती पोर टाकी उघडीबोडकी ठेवते. संत पेद्रूच्या मिरवणुकीच्या होडीतले, पाद्रीबाबांनी मंत्रून दिलेले शिंपले तू आजारी कोंबडीच्या पाण्यातही बुडवायचीस. ते आत्ता देव्हाऱ्यात आहेत का, बघ.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझी लिंदाल्वा

मुकुरिपे, १३ जुलै

चि. सौ. लिंदाल्वास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या सकाळी ठिपके परतले होते. तीन मासे मेले होते, बाकीचे धापा टाकत होते. अदाउतो माळ्यावरची नळी काढून धूत होता. टाकीत कोणी काही टाकलं का, झासिराने विचारलं. मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदाही तेच. संत पेद्रूसुद्धा, येशूला ओळखत नाही असं, तीनदाच खोटं बोलला होता. त्याच्या पुढे जायची माझी छाती नव्हती. टाकीतल्या पाइपात हात घालून मी लपवलेले पाचही शिंपले काढले आणि तिच्या पुढ्यात ठेवले.

ती एवढंच म्हणाली, “आई, संत पेद्रू कोळी होता. मासे धरणं त्याचं काम. बरे करायचं माझ्यावर सोडा.”

मग मला स्टुलावर बसवून माशांचे कल्ले मिनिटाला किती हलतात ते वहीत लिहायला लावलं, कारण घरात अक्षर माझंच वाचता येतं. संत पेद्रूच्या सणाच्या दिवशी सगळा गाव मिरवणुकीच्या होड्यांत होता, आम्ही दोघी टाकीपाशी. तिच्याविषयी बोलले ते सगळं परत घेत नाही. कॉफी अजून चिखलासारखीच करते. पण औषध आता जागच्या जागी राहतं, ठिपके नाहीत, आणि तेरा मासे कोळंबीवर तुटून पडतात.

शिंपले देव्हाऱ्यात आहेत. नळी अदाउतोने काल स्वतः कापली. तिच्या वावभर तुकड्याने झासिरा टाकीच्या तळची घाण ओढून काढते. बाबांना जिने आडवं केलं, तिला आयुष्यात पहिल्यांदा लायकीचं काम मिळालं आहे.

लोभ आहेच, पुढच्या वेळी हसणं थोडं आखूड ठेव.
तुझी ताई, एउलिना