लाल दोऱ्याच्या कुंड्या

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

आईची तेरवी करून आज नांदगावहून परत आले. थेट विद्यापीठाच्या हरितगृहात गेले, तर लाल दोरा बांधलेल्या माझ्या प्रयोगाच्या सगळ्या कुंड्या ओल्या. तुरीची रोपं तरतरीत उभी. माती दोनदा बोटानं चाचपली. ओलीच.

तिथं झाडलोट करणाऱ्या शांताबाईंनी पाणी घातलं होतं. जाताना बजावलं होतं मी, लाल दोऱ्याला पाणी नाही म्हणून. रोप तहानलं की पेशीत एक प्रथिन वाढतं. ते बाकीच्या प्रथिनांना धरून ठेवतं, विस्कटू देत नाही. पाणी मिळालं की ओसरतं. उद्या पानं खुडून तेच मोजायचं होतं. महिनाभराची मेहनत गेली.

"तुयी माय गेली, अन् इकडं हे बी मरून राहिले होते," शांताबाई म्हणाल्या. "मले पाहवलं नाई वं."

मला राग यायला हवा होता. का नाही आला? तेरवीलाही रडू आलं नाही. पंगती वाढल्या, भांडी घासली, एसटीत बसले. मामी म्हणाली, पोरगी दगड झाली. झालेही असेन.

लाल दोरे सोडत बसले होते, तेवढ्यात शांताबाईंनी पाण्याचा गिलास पुढं केला. "सकाळपासून काई घेतलं नसन तू. पाणी तरी पी."

तहान लागली होती. गिलास हातात धरून बसले. प्यायले, तर मला धरून ठेवणारंही ओसरेल; तोंडाला लावायची हिंमत झाली नाही.