गाण्याचं अस्तर

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (खरं म्हणजे स्टुडिओतल्या खुर्चीत बसूनच केला आहे. पायाशी केबलींचं जाळं आहे, आणि गेल्या आठवड्यात त्यातच पाय अडकून मी मालकांच्या चहावर पडले होते. पण नमस्कार मनापासून आहे, एवढं धरून चाल.) तुझा गुडघा कसा आहे? शिलाईच्या मशीनला मोटर बसवलीस की अजून पायानेच दामटतेस? आणि उजवीकडची ती दाढ? फोनवर म्हणालीस, आता फक्त हसल्यावर दुखते. तेव्हा हे पत्र जरा बेतानं वाच. मी ठीक आहे. जेवण वेळेवर, झोप पुरेशी, छातीतली धडधड नेहमीइतकीच.

सोबतच्या निळ्या चिंधीत एक पेनड्राइव्ह गुंडाळला आहे. त्यात तुझ्या दातांच्या डॉक्टरांचं गाणं आहे. पत्र संपेपर्यंत ते लावू नकोस. का, ते मला सांगता येत नाही, कारण मी शब्द दिला आहे. मात्र शब्द दिला आहे हेही सांगायचं नाही, असं काही ठरलेलं नव्हतं (दोनदा आठवून पाहिलं). त्यामुळे एक वाक्य सोडून बाकी सगळं सांगते.

डॉक्टरांना आमच्या स्टुडिओचा पत्ता तूच दिलास. ‘माझी भाची तिथे असते, हात स्वच्छ आहे तिचा,’ असं सांगितलंस म्हणे. माणूस त्या एका वाक्यावर आला. मालकांनीही मग मोठेपणा दाखवला आणि सबंध गाण्याचं मिक्सिंग पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं. (मिक्सिंग म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली गळा, बासरी, गिटार नि ड्रम ही मंडळी एका घरात नांदायला लावणं.) जमलं तर यापुढे मिक्सिंगचं टेबल माझं, नाही जमलं तर पुन्हा केबली गुंडाळायच्या, असं ठरलं. म्हणजे माझी नोकरी आणि तुझा शब्द एकाच गाण्याला टाचले गेले. मी त्या दिवसापासून नखं खायला लागले.

डॉक्टर गातात बरं. पण आमची गाण्याची केबिन कपाटाएवढी, भिंतींना गोधड्यांसारखं जाड कापड. तिथे आवाज अजिबात घुमत नाही. जसा आहे तसा, पंख्याखाली न वाळलेल्या मोज्यासारखा हातात येतो. म्हणून नंतर त्याला रिव्हर्ब देतात. रिव्हर्ब म्हणजे आवाजाला राहायला दिलेली खोली. भिंतींवर आपटून जो आवाज परत येतो ना, तो यंत्र बनवून देतं. छोटी खोली, मोठा हॉल, गुहा, काय म्हणशील ते.

इथेच मला पहिली टोचणी लागली. माणूस गायला कपाटात आणि मी त्याला तीन हजार खुर्च्यांच्या हॉलमध्ये उभा करायचा, हा खोटेपणा नाही का? (शाळेचं तोंड बघण्याआधी मी तुझ्या कापण्याच्या टेबलाखाली बसून खडूनं कापडावर अक्षरं गिरवली. तेव्हाच तू सांगितलं होतंस की एक कापड दुसऱ्याच्या नावानं खपवायचं नाही.) मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, “मग काय, ऐकणाऱ्यांना घरोघर जाऊन कपाटात कोंडणार आहेस?”

मग मी कामाला लागले, आणि सगळ्यांना न्याय मिळावा म्हणून प्रत्येकाला त्याला शोभेल अशी स्वतंत्र खोली दिली. डॉक्टरांना हॉल. बासरीला फरशीची लांबलचक गॅलरी. गिटारला लाकडी बैठकीची खोली. ड्रमला गुहा. एकेकटं ऐकलं तर असं सुंदर वाटे की मी स्वतःवरच खूश होऊन दुपारी दोन बिस्किटं जास्त खाल्ली. मग सगळं एकत्र लावून मालकांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “ही माणसं एकमेकांना ओळखतात का?”

उसवलं. (उसवायला लाजू नये, हे तुझंच.) आता सगळ्यांना मिळून एकच खोली घेतली आणि प्रत्येकाच्या आवाजाची थोडीथोडी प्रत तिकडे पाठवली. ही पद्धत बरोबर आहे असं पुस्तकातही होतं. पण मी ड्रमचा तो छातीत बसणारा धडामही तिकडे पाठवला, गिटारच्या जाड तारासुद्धा पाठवल्या. खालचे जाड आवाज खोलीत घुमले की सगळं गढूळ होतं. गाणं ऐकताना वाटे, वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवतंय. बासरीवाले काका स्वभावानं भले, ते म्हणाले, “छान आहे. पाण्याखालचं आहे का?”

त्यात डॉक्टर रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी येऊन माझ्या मागे उभे. त्यांना पहिल्याच दिवशी एक शोध लागला होता: रिव्हर्ब वाढवला की सूर हललेला कळत नाही. आत्या, एवढा मोठा माणूस, दिवसभर लोकांच्या तोंडात हत्यारं घालतो, पण स्वतःच्या आवाजाला इतका घाबरतो! मी बटण थोडं फिरवलं की म्हणत, “अजून थोडं. अजून बधिर झालं नाही.” मी अजून थोडं फिरवायची. वरचा सूर यायच्या आधी सवयीनं म्हणत, “आता जरा टोचेल हं.” आणि खरंच टोचायचं.

बरं, दोष त्यांचा एकट्याचा नाही. तेच तेच चार तास ऐकलं की कानाला रिव्हर्ब कळेनासा होतो. कमी वाटतो, म्हणून आपण वाढवतो. पुन्हा कमी वाटतो, पुन्हा वाढवतो. गुरुवारपर्यंत डॉक्टर मुळी गाण्यात राहिलेच नव्हते. दूर कुठेतरी एक गृहस्थ विहिरीत पडलेत आणि त्यांची फारशी तक्रार नाही, असं ऐकू येत होतं.

त्या दिवशी मी जिन्यात बसून डबा खाल्ला आणि थोडी रडले. (थोडीच. रुमाल वापरायची वेळ आली नाही.) आणि रडताना कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. तोच कोट, तू शिवलेला. बाहीच्या आतलं ते गुळगुळीत अस्तर गालाला लागलं आणि मला तुझं बोलणं आठवलं: अस्तर अंगाला कळावं, डोळ्याला नाही. अस्तर दिसलं की शिवण फसली. मी डबा तसाच टाकून वर पळाले. (डबा नंतर आणला. झाकण अजून सापडलं नाही.)

सगळं पुन्हा उसवलं. खोली छोटी घेतली. खोलीत जाण्याआधी जाड आवाज गाळून टाकले. शब्द आधी कानाशी पोचू द्यायचा आणि खोली त्याच्या मागून, डोळ्याचं पातं लवेल इतक्या उशिरानं आणायची, हेही केलं, म्हणजे शब्द झाकला जात नाही. आणि रिव्हर्ब इतकाच ठेवला की आहे म्हणून कळणार नाही, पण बंद केला तर चुकल्याचुकल्यासारखं होईल. दर वीस मिनिटांनी उठून खिडकीशी जायची, समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याची ठोकठोक ऐकायची, कान ताजे करून परत बसायची. आत्या, गाणं उघडलं गं! डॉक्टर दोन हातांच्या अंतरावर उभे राहून गातायत असं वाटलं. एक-दोन सूर हललेले आहेत, ते हललेले ऐकू येतात, आणि त्यांचं काही वाईट वाटत नाही.

आता ते वाक्य.

दुसऱ्या कडव्यानंतर वीस सेकंद नुसती बासरी आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी डॉक्टर केबिनमध्ये गप्प उभे होते आणि माईक चालू आहे हे विसरून स्वतःशीच एक वाक्य बोलले. काय बोलले ते मी सांगणार नाही. गाण्यात त्यांचा आवाज घाबरलेला असतो, या वाक्यात नव्हता, एवढंच सांगते. मी ते हेडफोनमध्ये ऐकलं आणि माझ्या हातातली पेन्सिल टेबलाखाली गेली. दुसऱ्याचं खासगी बोलणं! मी तिथला फेडर, म्हणजे आवाज वरखाली करायची सरकपट्टी, तळाला नेऊन ठेवला. खरं तर तो तुकडा कापूनच टाकायचा. पण कापलेलं कापड परत सांधता येत नाही, हे तू माझ्या इतकं डोक्यात भरवलं आहेस की कात्रीकडे माझा हात जातच नाही. नुसता आवाज मिटवला आणि निश्चिंत झाले. मी! निश्चिंत! तिथेच मला शंका यायला हवी होती.

कारण गाण्याच्या शेवटी डॉक्टरांना हवं होतं की गाता गाता माणूस लांब निघून जावा. ते करायची एक युक्ती आहे: आवाजाची प्रत फेडरच्या आधीच रिव्हर्बकडे पाठवायची. मग फेडर खाली आणला की माणूस जातो आणि खोलीतलं घुमणं तेवढं मागे राहतं. मी ते बटण दाबलं. शेवट असा झाला की माझ्याच अंगावर काटा आला. पण ते बटण काही शेवटापुरतं नसतं, अख्ख्या गाण्याला लागतं. म्हणजे बासरीच्या मागे फेडर तळाला, डॉक्टर गप्प, आणि त्यांचं वाक्य मात्र त्या खोलीत राहिलेलं! गढूळपणा होता तोवर ते झाकलेलं होतं. मी जसजसं गाणं स्वच्छ करत गेले, तसतसं ते वर येत गेलं. इतकी मेहनत मी आयुष्यात कशावर घेतली नव्हती.

मंगळवारी सकाळी अकराला सगळे ऐकायला बसले. मालक, बासरीवाले काका, आणि दोन पेशंटांच्या मधून पळत आलेले डॉक्टर, पांढऱ्या कोटात. (तोच, ज्याच्या बाह्या तू वर्षात सात वेळा आखूड करून दिल्यास. आत्या, माणसाचे हात वर्षातून सात वेळा आखूड होत नाहीत. तुझ्या हे लक्षात आलं नाही? तुझ्या?) तीन मिनिटं बारा सेकंदांना बासरी सुरू झाली आणि तिच्या मागून, जणू शेजारच्या खोलीतून, दार किलकिलं ठेवून, ते वाक्य आलं. अक्षर न् अक्षर.

दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणणारे डॉक्टर स्वतः आ करून बसले होते. बासरीवाले काका तेवढे म्हणाले, “कोण हो या शिवणवाल्या ताई?” (हे वाक्य काकांचं आहे. त्याबद्दल मी शब्द दिलेला नाही.)

मी उभी राहिले. माफी मागितली, बटण समजावून सांगितलं, आत्ता कापते म्हटलं, तुझी मान खाली गेली म्हटलं, आणि माझं नाक वाहायला लागलं. मालकांनी गाणं मागे नेऊन तोच तुकडा पुन्हा लावला. (निर्दयीच आहेत.) मग म्हणाले, “अख्ख्या गाण्यात सगळ्यात नेमका रिव्हर्ब कुठे बसला असेल तर तो इथे.” आणि माझ्या पायाशी पडलेली केबल उचलून म्हणाले, “उद्यापासून केबली मी गुंडाळतो.”

डॉक्टर खूप वेळ कोटाची बाही ओढत बसले. “सगळ्यांच्या प्रतींमधून काढा,” ते म्हणाले. मग दाराशी जाऊन परत आले. “एक प्रत राहू द्या आहे तशी. कुणाची ते तुम्हाला माहीत आहे. आणि काय बोललो ते कुणाला सांगू नका.” मी शब्द दिला. तो पाळला आहे, हे तू वरचं सगळं वाचून पाहशीलच.

तेव्हा आता गाणं लाव. सूर थोडे हललेले आहेत, अस्तर दिसू नये एवढी काळजी घेतली आहे. काही चुकलं असेल तर खडूनं खूण करून कळव, लगेच उसवीन.

तुझी, तुझ्याच टेबलाखाली शिकलेली,
भाची

ता.क. तीन मिनिटं बारा सेकंद. हेडफोन लावून ऐक, म्हणजे कळेल. शेजारच्या काकूंकडे आहेत, मी फोन करून ठेवला आहे.

ता.क. २. ज्यासाठी पत्र लिहिलं ते राहिलंच. दाढ दाखवून ये. गेल्या वर्षात तू चार वेळा वेळ घेऊन चारही वेळा मोडलीस, हे मला दवाखान्यात कळलं. (माझा दात दुखत नव्हता. मी चौकशीला गेले होते.) शुक्रवारी साडेदहाची वेळ तुझ्या नावावर लिहिलेली आहे. मी लिहिलेली नाही. जाताना त्यांचा कोट नेऊ नकोस. नुसती जा.

ता.क. ३. पाकीट चिकटवून टपालात टाकायला निघाले तर डॉक्टर जिन्यातच भेटले. पाकिटाकडे बघून पांढरेफटक पडले आणि म्हणाले, त्या वाक्यावर थोडं काम होईल का? मला वाटलं, नेहमीसारखं ‘अजून थोडं’ म्हणतील. तर म्हणाले, “त्याचा रिव्हर्ब काढा. कोरडंच राहू द्या.” मी वर जाऊन पाकीट फोडलं, खोली काढून टाकली आणि फेडर पूर्ण वर नेला. तेव्हा पहिला ता.क. रद्द समज. हेडफोन नकोत. मशीन चालू असलं तरी ऐकू येईल.