एक पान उलटं

११ नोव्हें., मंगळ
आमच्या ऑफिसचे प्रमुख सक्सेनासर, त्यांच्या नव्या जंगल-नकाशात पहाडातल्या माझ्या उतारावरचं जंगल बांजचं दाखवलंय. ते तिलोंजचं आहे. बारा वर्षांपूर्वी स्वतः चढून फांद्या आणल्यात मी. दोन्ही ओकच, वरून सख्ख्या बहिणी. फरक पानाच्या पाठीवर: बांजला पांढरट लव, तिलोंज गुळगुळीत. सर म्हणाले, "मैडम, शुक्रवार तक सबूत दिखा दीजिए, वरना यही छपेगा." दाखवते की. त्या फांदीचा वाळवलेला नमुना ऑफिसच्या कपाटात आहे.

१२, बुध
नमुना चिकटवलेलं शीट काढलं. सगळी पानं सुलटी चिकटवलेली. एकाचीही पाठ दिसत नाही, आणि सोडवायला जावं तर चुरा. खाली सही माझीच. 'एक पान तरी उलटं चिकटवा' म्हणून दर वर्षी शिकाऊ पोरांवर ओरडते कोण? लोका सांगे ब्रह्मज्ञान. जेवले नाही.

१३, गुरु
सकाळी इराला सगळं सांगितलं. लेक चहा ढवळत म्हणाली, "मम्मा, वो जो मैं काग़ज़ की पुड़िया बनाती थी, उसमें देखा?"
शीटच्या कोपऱ्यातली पुडी. गळलेली पानं ठेवायची. आठ वर्षांची असताना इंदिरा नगरच्या याच टेबलावर रविवारभर दुमडत बसायची. काखेत कळसा. स्कूटरने सुटले ती थेट ऑफिस.
पुडीत तीन पानं. अख्खी. लव नावाला नाही.

१४, शुक्र
सगळ्यांसमोर पुडी उघडली. सरांनी तिन्ही पानं भिंगाखाली उलटून पाहिली. मग "चिकनी है" एवढंच. लाल पेनाने स्वतः 'बांज' खोडलं, 'तिलोंज' लिहिलं. जिंकले. बारा वर्षांनी, पण जिंकले. फार म्हणजे फारच आनंद झालाय. अलीगंजला वळून जिलबी घेतली, अर्धी वाटेतच संपली. इराला सांगितलं, उतार तुझ्या पुडीने वाचवला. "तो आधी जलेबी किसने खाई?"

१७, सोम
राहवेना. त्याच दौऱ्याची बाकीची शीटं काढली, बांज म्हणून लिहिलेली. आठ, सगळी सुलटी. एका पुडीत पान आहे, लव आहे, तो बांजच. सात पुड्या रिकाम्या.
या सातांना पुरावा नाही, हे मीच जाऊन सरांना सांगितलं. ते हसले. "तो फिर चढ़िए, नक़्शा रुक जाएगा."
इरा म्हणते, मैं भी चलूँगी. सात उतार आहेत. गुडघ्यांना अजून सांगितलेलं नाही.