जादा गाड्यांचं लॉक

६ जुलै, सोमवार
पुढच्या सोमवारी गणपतीचं बुकिंग उघडणार, आणि आज रंगीत तालमीतच वाट लागली. अंधेरीच्या ऑफिसात सगळे आपापल्या गावाचं नाव टाकून बसलो. कणकवली, चाक नुसतं फिरतंय. सावंतवाडी, तेच. रोजच्या बस पटकन दिसतात, गणपतीच्या जादा गाड्या शोधायला गेलं की डेटाबेस अडकतो.
आमचे हेड कदमसर म्हणाले, "मधुरा, डेटाबेस तुझा. पुढच्या सोमवारी हे पळताना दिसलं पाहिजे."
मेपर्यंत तो रोहनचा आणि माझा होता. मेअखेर त्याने नोकरी सोडली आणि मलाही. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

७ जुलै, मंगळ.
सापडलं. जादा गाड्यांच्या टेबलाचे स्टॅट्स, म्हणजे कुठे किती गाड्या याचा डेटाबेसने ठेवलेला हिशेब, गेल्या गणपतीतले आहेत. तेव्हा गाड्या जेमतेम होत्या, यंदा वाडीवाडीला सोडल्यात. डेटाबेसला अजून वाटतंय की मूठभरच आहेत, म्हणून एकेक उघडून बघत बसतो. बाकी टेबलांचे स्टॅट्स आपोआप नवे होतात. याचे होत नाहीत, कारण लॉक आहेत. लॉक रोहनने केलेत.
तो दिवस आठवतो. ऐन गर्दीत स्टॅट्स बदलले, डेटाबेसने भलताच मार्ग धरला, बुकिंग ठप्प. रोहनने आधीचे परत टाकले, वर लॉक लावलं, आणि माझ्या डब्यातले घावणे खात म्हणाला, "विसर्जन झालं की काढतो गं. आणि पुढच्या वर्षी गावाला आपण जोडीने."
मी दोन्हीवर विश्वास ठेवला. मूर्ख!

९ जुलै, गुरु.
मुलुंडला घरी पोचले तर आई ताट वाढून बसलेली. "काय झाला गो? जेवणात लक्ष नाय तुझा."
सांगितलं, मशीन गेल्या वर्षीचंच धरून बसलंय.
"मगे तेका नवीन काय तां सांग."
थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "गावाक येतलंस मां? आपण दोघीच जाव. तिकीट काढ."
आमटीच्या वाटीत बघत रडले. आईने भात वाढला.

१० जुलै, शुक्र.
टेस्टच्या डेटाबेसवर लॉक काढलं, स्टॅट्स नवे केले. गाड्या झटक्यात आल्या. पण कदमसर ऐकेनात. "लॉक लावलं त्याला काही कारण असेल ना. रोहनला विचार आधी." सगळ्या ऑफिसला आमचं माहीत आहे. सरांना नसेलही.
जिन्यात उभं राहून फोन केला.
"हां, बोल."
"जादा गाड्यांचं लॉक काढू का?"
"अजून आहे ते?" हसला. "विसरलोच यार. तू का नाही काढलंस?"
"तू काढणार होतास."
"अगं तेवढ्यापुरतं लावलेलं. काढून टाक. जुने स्टॅट्स बाजूला ठेव फक्त, फसलं तर परत टाकता येतील." मग, "आईंना नमस्कार सांग."
बस, एवढंच. माझी काय अपेक्षा होती? की लॉकचं नाव काढल्यावर त्याला घावणे आठवतील, पुढचं वर्ष आठवेल, निदान एक क्षण गप्प होईल. तेवढ्यासाठीच तर मी

सांगितला नाही आईला नमस्कार.

१२ जुलै, रवि.
आज चेंबूरला रोहनचा साखरपुडा, दुसऱ्या मुलीशी. मी मुद्दाम रविवारचं काम मागून घेतलं.
जुने स्टॅट्स बाजूला ठेवले. लॉक काढलं. नवे घेतले. कणकवली आली, देवगड आलं, सावंतवाडी आली. कदमसर "झकास!" म्हणून टाळ्या वाजवायला लागले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. खूप दुखतंय. काम करताना दुखणार नाही असं वाटलं होतं.

१३ जुलै, सोम.
बुकिंग सुरळीत. एकदाही अडकलं नाही. सरांनी सगळ्यांना वडापाव मागवले.
संध्याकाळी स्टाफच्या सीटची आठवण आली. मेमध्येच धरून ठेवल्या होत्या. मालवणची जादा गाडी, खिडकीला मी, शेजारी रोहन. उद्या दुपारपर्यंत नावं कायम केली नाहीत तर दोन्ही सुटणार. त्याचं नाव काढून आईचं टाकायचं, एवढंच काम. स्क्रीन उघडून किती वेळ बसले होते कोण जाणे. त्याच्या नावावर कर्सर नेला. परत आणला.
तेवढ्यात आईचा फोन. "माझा तिकीट झाला मां गो?"
झालं म्हटलं.