आयोडीनचा उंचवटा

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. नव्या घराचा नळ अजून गळतो. प्लंबर रोज "उद्या नक्की" म्हणतो. छोटीचा पुढचा दात पडला. तुझी वहिनी माझ्या गॅमा-यंत्राला अजून सवतच म्हणते.

त्या यंत्राबद्दलच लिहायचं आहे. काडेपेटीएवढा स्फटिक, त्याला जोडलेला लॅपटॉप. किरणोत्सारी पदार्थ कुठलाही असो, पडद्यावरच्या आलेखात त्याचा उंचवटा ठरलेल्या जागीच येतो. मी फरशा मोजल्या, केळी मोजली, बाबांचं घड्याळ मोजलं. वहिनी म्हणाली, "आता मलाही मोजा, घरात कोण जास्त तापतं ते कळेल."

तू आलीस त्या दिवशी ते बैठकीतल्या कपाटावर चालूच होतं.

"नवं घर बघायला आली नाहीस तर तुला भाऊ नाही असं समज," हे फोनवर मीच म्हणालो होतो. तू आठवडाभर "पुढच्या महिन्यात येते रे दादा" म्हणत होतीस. शेवटी आलीस. दाराजवळच्या खुर्चीत बसलीस, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलीस. छोटी "आत्या!" करत धावली, तर तू बॅग मध्ये धरलीस. अर्ध्या तासात निघालीससुद्धा. फाटकाशी मी तुला काय म्हणालो ते तू विसरली नसशील. "एवढी कसली शिष्ट झालीस? पोरीला हात लावला तर साडी मळते का?" तू म्हणालीस, "पुढच्या वेळी घेईन तिला." मी फाटक लावून घेतलं.

संध्याकाळी नोंद पाहिली. बरोबर त्या अर्ध्या तासात किरणोत्सारी आयोडीनचा उंच, सुरेख उंचवटा. चिमे, मी टाळी वाजवली. आलेख हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'पाहुण्यांची कृपा!' खूप वाहवा झाली. एका म्हाताऱ्या सभासदाने एवढंच विचारलं, "पाहुणे कसे आहेत?"

हे आयोडीन कुणाच्या अंगात असतं ते मला आधीपासून माहीत होतं. थायरॉइडवर देतात, कॅन्सरवरसुद्धा, आणि लहान मुलांपासून लांब राहायला सांगतात. सगळं माहीत होतं आणि तरी आधी टाळीच वाजवली. याची लाज वाटते.

आलेख काढून टाकला. वहिनीलाही सांगितलेलं नाही. पण तुला लिहायला पंचवीस दिवस लावले, कारण विचारलं की माझं बोलणंही कबूल करावं लागणार होतं. चुकलो गं.

एवढ्या दिवसांत ते अंगातून जवळजवळ गेलेलं असतं. रविवारी छोटीला घेऊन येऊ का? नको म्हणालीस तर दारातून परत जाईन. काय झालंय ते तुला वाटेल तेवढंच सांग. यंत्र घरीच ठेवतो.

अजून फाटकाशीच उभा असलेला,
तुझा दादा